खोलीची किल्ली: कथाकार जेव्हा कथा शिकवतो

चिको हे उत्तर कॅलिफोर्नियातलं गाव. 1959च्या आसपास तिथल्या स्टेट कॉलेजात कथालेखनाच्या वर्गाला रेमंड कार्व्हर नावाचा एक विद्यार्थी येऊन बसला. वडील लाकूड कापायच्या गिरणीत मजूर. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालेलं, विशीतच दोन मुलं पदरात. घरात लिहायला कोपरासुद्धा नाही. वर्ग घेणारे जॉन गार्डनर जेमतेम सव्वीस वर्षांचे होते. त्यांची स्वतःची एकही कादंबरी तेव्हा छापून आलेली नव्हती. विद्यार्थ्याची अडचण कळल्यावर त्यांनी आपल्या कॉलेजातल्या खोलीची किल्ली त्याच्या हातात ठेवली. शनिवार-रविवार इथं येऊन लिहीत बसत जा, म्हणाले. त्या खोलीत टेबलाशेजारी खोक्यांमध्ये गार्डनरांची हस्तलिखितं रचून ठेवलेली असायची. त्यांतल्या एका खोक्यावरचं 'निकल माउंटन' हे नाव कार्व्हरना पुढे कायम लक्षात राहिलं. ती कादंबरी प्रसिद्ध व्हायला 1973 साल उजाडलं.

लिहिणं शिकवता येतं का, हा प्रश्न आपल्याकडे साहित्य संमेलनाच्या मांडवात दर दोन-चार वर्षांनी निघतो आणि 'प्रतिभा उपजतच असावी लागते' या वाक्यावर मिटतो. मला तो असा मिटलेला मान्य नाही. लिहिणारा माणूस लिहिणं शिकवतो तेव्हा नेमकं काय करतो, त्यातून त्याला काय मिळतं, त्याच्या लेखनाला काय किंमत मोजावी लागते, आणि मराठीत हे काम कुणी केलं, कुणी सोडलं, हे सगळं एकदा शेजारी शेजारी मांडून पाहण्यासारखं आहे.

गार्डनरांपासूनच सुरुवात करू, कारण त्यांच्या शिकवण्याचं वर्णन खुद्द कार्व्हरनी करून ठेवलं आहे. कथा लिहिणाऱ्यानं सत्रभरात एकच कथा लिहायची, दहा-पंधरा पानांची. ती पुन्हा पुन्हा लिहायची, वेळ पडली तर दहा वेळा. गार्डनर विद्यार्थ्याचा कागद घेऊन बसत आणि ओळीन् ओळ तपासत. काही शब्द, काही वाक्यं सरळ खोडत. त्यावर चर्चा नाही. काहींना कंस करत. त्यावर बोलायचं, वाद घालायचा. कुठे मजकूर अस्पष्ट असेल तर दोन शब्द स्वतः घालून दाखवत. एका स्वल्पविरामावर अशी चर्चा चाले की त्या घडीला जगात दुसरं काही महत्त्वाचं नाहीच. पायाखालची 'माती' म्हणायची असेल तर मातीच म्हण, 'धरती' म्हणालास की त्या शब्दाबरोबर आणखी बरंच काही वाक्यात येतं, अशा जातीचं ते सांगणं होतं. मराठी लेखकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे रान, शेत, वावर, जमीन आणि भूमी हे पाच शब्द पाच वेगवेगळ्या माणसांच्या तोंडचे आहेत. कोणत्या पात्राच्या तोंडी कोणता शब्द द्यायचा, तिथून कथा सुरू होते.

यात 'प्रतिभा' कुठेही शिकवलेली नाही. आपण काय लिहिलं आहे ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचायला शिकवलं आहे. शिकवण्यासारखं असतं ते हेच, आणि ते थोडंथोडकं नाही.

हे काम विद्यापीठात आलं कसं, ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठानं 1922मध्ये ठरवलं की उच्च पदवीसाठी प्रबंधाऐवजी कथा-कविताही चालतील. 1936मध्ये तिथं लेखकांची कार्यशाळा रीतसर सुरू झाली. विल्बर श्रॅम हे तिचे पहिले संचालक. 1941पासून पुढची चोवीस वर्षं पॉल एंगल यांनी ती वाढवली. फ्लॅनरी ओ'कॉनर यांनी 1947मध्ये तिथून पदवी घेतली, ती सहा कथा प्रबंध म्हणून सादर करून. 1965 ते 67 कर्ट व्हॉनेगट तिथं शिकवत होते आणि जॉन आयर्व्हिंग त्यांच्या वर्गात बसत होते. इंग्लंडमध्ये ही गोष्ट बरीच उशिरा आली. ईस्ट अँग्लिया विद्यापीठात माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन या दोन कादंबरीकारांनी 1970मध्ये अभ्यासक्रम सुरू केला. पहिल्या वर्षीचा विद्यार्थी होता इयन मॅक्यूअन. सुमारे दहा वर्षांनी काझुओ इशिगुरो तिथं आले. आज अमेरिकेत असे पदव्युत्तर अभ्यासक्रम दोनशेहून अधिक आहेत. याचा व्यावहारिक अर्थ असा की कथा-कादंबरीवर पोट भरत नसलं तरी तिथल्या लेखकाला त्याच्याच कामाशी जोडलेली पगारी नोकरी मिळू शकते.

ही नोकरी लेखनाला पोसते की खाते? उत्तर माणसागणिक बदलतं. कार्व्हरनी रुग्णालयात रात्रपाळीचा सफाई कामगार म्हणून काम केलं, दारूत अनेक वर्षं घालवली आणि 2 जून 1977 रोजी ती कायमची सोडली. 1980मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठात ते शिकवू लागले. ही त्यांची शिकवण्याची पहिली धड, स्थिर नोकरी. 1983मध्ये त्यांना अमेरिकन अकादमीची एक वृत्ती मिळाली. पाच वर्षं, दर वर्षी 35,000 डॉलर, आणि अट एकच: दुसरी नोकरी करायची नाही. कार्व्हरनी नोकरी सोडली. 1988मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी ते गेले, तोवर पूर्णवेळ लिहीत राहिले. व्लादिमीर नाबोकोव्ह कॉर्नेलला साहित्य शिकवत होते. 'लोलिता'चे पैसे येऊ लागल्यावर 1959मध्ये तेही वर्गाबाहेर पडले. गार्डनरांनी मात्र 'ग्रेंडेल'सारखी कादंबरी नावाजली गेल्यावरही शिकवणं सोडलं नाही. 1982मध्ये मोटरसायकलच्या अपघातात ते वारले तेव्हाही शिकवतच होते. लेखनाच्या शिक्षणावरचं त्यांचं मुख्य पुस्तक त्यांच्या मागं प्रसिद्ध झालं.

पण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते जॉर्ज साँडर्स यांचं उदाहरण, कारण त्यांच्यापाशी शिकवणं आणि लिहिणं एकमेकांत मिसळून गेलं आहे. ते मूळचे भूभौतिकीचे अभियंते. सुमात्रात तेलाच्या शोधाच्या कामावर होते. सिरॅक्यूजला लेखन शिकले, मग एका कंपनीत सात वर्षं तांत्रिक अहवाल लिहिले आणि त्यातून वेळ काढून कथा लिहिल्या. पहिला संग्रह 1996मध्ये आला तेव्हा चाळिशी जवळ आली होती. त्यानंतर लगेच ते सिरॅक्यूजला शिकवायला लागले. तिथं दर वर्षी सहाशे-सातशे अर्ज येतात आणि घेतात फक्त सहा जण, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. वीस वर्षं त्यांनी या मुलांना रशियन कथा वाचून दाखवल्या. त्यातून 2021मध्ये एक पुस्तक झालं. सात कथा आहेत त्यात: चेखव्हच्या तीन, टॉल्स्टॉयच्या दोन, तुर्गेनेव्ह आणि गोगोल यांची एकेक.

पहिली कथा एका खेड्यातल्या शिक्षिकेची आहे. ती शहरातून पगार घेऊन गाडीत बसून गावी परत निघाली आहे, एवढंच. साँडर्स ही कथा एका वेळी एकच पान देतात. पान संपलं की थांबवतात आणि विचारतात: आता तुम्हाला काय काय माहीत झालं? कशाची उत्सुकता वाटतेय? पुढे काय होईल असं वाटतं? मग दुसरं पान. वाचकाच्या मनात कुठे अपेक्षा उभी राहते, लेखक ती कुठे पुरी करतो, कुठे मुद्दाम करत नाही, हे असं पानागणिक दिसतं. कुठलाही नियम न सांगता कथेची अख्खी घडण माणसाच्या हाताला लागते. हा प्रयोग कुणीही मराठी शिक्षक उद्या सकाळी करू शकतो. जी. ए. कुलकर्णींची एखादी कथा घ्यावी, पहिलं पान वाचावं आणि पुस्तक मिटावं.

या व्यवस्थेवरचे आक्षेपही खरे आहेत आणि ते टाळून आढावा पुरा होणार नाही. वर्गात एकाच वळणाच्या कथा तयार होतात, हा नेहमीचा आक्षेप. त्याहून गंभीर गोष्ट सँड्रा सिस्नेरोस यांनी बोलून दाखवली. शिकागोच्या एका गरीब मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबातून आलेली ही मुलगी सत्तरच्या दशकात आयोवाला शिकत होती. एका तासाला 'घर' या विषयावर चर्चा रंगली होती. माळा, तळघर, जिने, बालपणीच्या आठवणी. तिच्या लक्षात आलं की या सगळ्यांच्या मनातलं घर आपल्या वाट्याला कधी आलेलंच नाही. तिथून 'द हाउस ऑन मँगो स्ट्रीट' हे 1984चं पुस्तक जन्माला आलं. वर्गानं ते शिकवलं नव्हतं, वर्गाशी झालेल्या भांडणातून ते आलं. मराठी वाचकाला इथं बाबूराव बागूल आठवतील. 'जेव्हा मी जात चोरली होती' 1963मध्ये आलं तेव्हा त्या अनुभवाला आणि त्या भाषेला तयार मापात बसवणं कुणाही संपादकाला जमण्यासारखं नव्हतं. शिकवणाऱ्यानं हे लक्षात ठेवलं नाही, तर तो आपल्याच घराचा नकाशा सगळ्यांना देत राहतो.

दुसरी अडचण हाताची आहे. शिकवणाऱ्यानं दुसऱ्याच्या लेखनात हात किती घालावा? कार्व्हरच्याच आयुष्यात याची दोन्ही टोकं दिसतात. जे पंधरा शब्दांत होतं त्याला पंचवीस लावू नकोस, असं गार्डनर सांगत. संपादक गॉर्डन लिश यांचं म्हणणं, पाचात होत असेल तर पंधराही नकोत. 1981च्या संग्रहासाठी लिशनी कार्व्हरच्या कथा इतक्या कापल्या की एकूण मजकुराचा निम्म्याहून अधिक भाग गेला, काही कथांचे शेवटही बदलले. 8 जुलै 1980 रोजी कार्व्हरनी लिशना पत्र लिहून पुस्तक थांबवण्याची विनवणी केली. पुस्तक तसंच निघालं, गाजलं, आणि कार्व्हरची म्हणून जी शैली जगानं डोक्यावर घेतली तिच्यात लिशचा मोठा वाटा होता. न कापलेल्या मूळ कथा 2009मध्ये स्वतंत्र पुस्तकातून वाचायला मिळाल्या. दोन्ही वाचल्यावर माझं मत झालं ते असं: लिशच्या कथा धारदार आहेत, पण मूळ कथांमधली माणसं एकमेकांशी जास्त बोलतात, एकमेकांची जास्त काळजी करतात. त्या माणसांना गप्प करण्याचा अधिकार लिशला नव्हता. गार्डनर खोडत, पण पुन्हा लिहायला कागद विद्यार्थ्याच्याच हातात परत देत.

आता आपल्या घरात येऊ. मराठीत कथा-कादंबरी लिहिण्याची विद्या उघडपणे शिकवायचा पहिला मोठा प्रयत्न ना. सी. फडक्यांनी केला. ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत आणि कादंबऱ्या लिहीत. 1931च्या 'प्रतिभासाधन'मध्ये त्यांनी कथानक कसं रचावं, उत्कंठा कशी वाढवावी, सुरुवात आणि शेवट कसे साधावेत हे खुलेपणानं मांडलं. लेखन ही कमावण्याची कला आहे, असं म्हणायला त्या काळी धाडस लागत होतं. पुढे 1945नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा आली. तिनं रेखीव कथानकाचा साचा मोडला आणि ते योग्यच झालं. पण त्या ओघात 'तंत्र' हा शब्दच मराठीत हिणकस ठरला. फडक्यांचं तंत्र जुनं झालं होतं, तंत्राची गरज संपली नव्हती. त्या शब्दाबरोबर शिकवण्याचा विचारही आपण टाकून दिला आणि त्याची भरपाई अजून करतो आहोत.

नाहीतर मराठीत लेखक-शिक्षकांची वाण कधीच नव्हती. वि. स. खांडेकर 1920 ते 38 शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत. भालचंद्र नेमाड्यांचं आयुष्य औरंगाबाद, लंडन, गोवा, मुंबई अशा ठिकाणी अध्यापनात गेलं. श्याम मनोहर आणि रंगनाथ पठारे हे दोघं तर भौतिकशास्त्राचे. हे सगळे शिकवत होते, आणि एक लिहिणं सोडून बाकी सगळं शिकवत होते. ज्या माणसाला वाक्य कसं उभं राहतं ते महाराष्ट्रात सर्वांत चांगलं ठाऊक, त्याच्याकडून आपण परीक्षेचे पेपर तपासून घेतले. विलास सारंग हे यातलं वेगळं नाव. बसऱ्यात शिकवलं, पुढे मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाचे प्रमुख झाले, आणि 'सर्जनशोध आणि लिहिता लेखक' या पुस्तकात लिहिणाऱ्याच्या बाजूनं लेखनाचा विचार केला. लिहिणाऱ्या प्रत्येकानं ते जवळ ठेवावं.

शिकवण्याचं खरं काम मराठीत झालं ते संपादकाच्या टेबलावर. 'सत्यकथा' मासिकात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी जे केलं, ते गार्डनरच्या खोलीत चालायचं त्याच जातीचं होतं. कथा आली की बारकाईनं वाचायची, लेखकाला सविस्तर पत्र लिहायचं, कुठे पकड सुटली ते सांगायचं, पुन्हा लिहून मागवायचं. 'साभार परत' या दोन शब्दांची धास्ती होती, पण परत आलेल्या कथेसोबत जे पत्र यायचं ते कित्येकांनी जन्मभर जपलं. त्या टेबलावर काही आवाज ऐकू आले नाहीत, ही तक्रार खरी होती आणि त्यासाठी साठच्या दशकातल्या लघुनियतकालिकांनी बंड केलं. तरीही 1982मध्ये 'सत्यकथा' बंद पडली तेव्हा मराठीतली लेखनाची सर्वांत मोठी शाळा बंद पडली. ते टेबल पुन्हा कुणी मांडलं नाही. दिवाळी अंक आजही शेकड्यांनी निघतात, पण ऑगस्टमध्ये कथा मागवून सप्टेंबरात छापायला टाकणाऱ्या संपादकाकडे पत्र लिहायला वेळ कुठून येणार?

त्याची जागा आता शिबिरं भरून काढू पाहताहेत. मागे एका तालुक्याच्या गावी अशा एक दिवसाच्या शिबिराला मी मागच्या रांगेत बसलो होतो. वाचनालयाचा हॉल, चाळीसेक माणसं, शिकवायला एक कादंबरीकार. पन्नाशीच्या एका बाईंनी वहीतून वाचलं: मुलाचा फोन आला नाही म्हणून तिच्या काळजात कालवाकालव झाली, डोळे पाणावले, आणि जड अंतःकरणानं तिनं भाकरी टोपल्यात झाकून ठेवली. कादंबरीकारानं ते वाक्य फळ्यावर लिहिलं, मग डस्टरनं हळूहळू पुसत गेले. उरलं एवढंच: फोन आला नाही. तिनं भाकरी टोपल्यात झाकून ठेवली. हॉल शांत झाला. मग त्यांनी विचारलं, "ताई, किती भाकरी?"

बाई क्षणभर थांबल्या. "दोन, सर. एक त्याची."

"मग ते लिहा."

बाईंनी मान खाली घातली आणि तिथंच लिहायला घेतलं. चहा आला, गेला, त्यांनी वर पाहिलं नाही. कादंबरीकारानं आपल्याकडचं काहीही त्यांना दिलं नव्हतं. ती दुसरी भाकरी बाईंचीच होती, पण मोठ्या शब्दांखाली झाकली गेली होती. संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटली, फोटो झाला आणि सगळे पांगले. त्या कथेचा दुसरा खर्डा कुणी वाचला का, तिसरा झाला का, कुणास ठाऊक. आपल्या शिबिरांचं दुखणं हे आहे. पहिला खर्डा सगळेच ऐकतात, शिकणं मात्र दुसऱ्या खर्ड्यापासून सुरू होतं आणि त्यासाठी तोच शिक्षक महिनाभरानं पुन्हा भेटावा लागतो.

भेटत नाही, कारण त्या कामाला पैसा नाही. साधा हिशेब करून पाहा. तीनशे रुपये किमतीच्या कादंबरीची हजार प्रतींची आवृत्ती पुरी खपली आणि लेखकाला दहा टक्के मिळाले, तर हातात तीस हजार रुपये येतात. त्या कादंबरीला तीन-चार वर्षं लागलेली असतात. अशा माणसाला प्रवासखर्च, शाल आणि नारळ देऊन दिवसभर राबवायचं आणि वर 'साहित्यसेवा' म्हणायचं, ही पद्धत थांबली पाहिजे. गाणं शिकवायला आपण गुरू मानतो आणि गुरूला बिदागी देतो. चित्रं काढायला मुंबईत जे. जे. स्कूल 1857पासून आहे. पुण्यातल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखन शिकायला देशभरातून मुलं येतात. त्याच पुण्यात मराठी कादंबरी लिहू पाहणाऱ्या मुलीला, दोन वर्षं तिचे खर्डे वाचेल असा माणूस रीतसर कुठे मिळतो? तिच्यापुढे एमए करण्याचा मार्ग आहे. तिथं कादंबरीचे प्रकार पाठ होतील, कादंबरी होणार नाही.

विदर्भात रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. तेराव्या शतकात त्याच रिद्धपुरात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. चक्रधरस्वामींना पाहिलेल्या माणसांना गावोगाव जाऊन गाठलं, त्यांच्या आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांपुढे ठेवल्या. त्यांनी तपासल्या, पारखल्या. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ एकानं लिहिला आणि दुसऱ्यानं वाचून पारखला, असा झाला आहे. त्या गावातल्या विद्यापीठानं कथा-कादंबरी लेखनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू करावा. दर वर्षी दहाच विद्यार्थी घ्यावेत. चार लिहित्या लेखकांना पूर्ण पगारावर नेमावं आणि त्यांच्या लेखनासाठी वर्षातले काही महिने मोकळे ठेवावेत. प्रबंधाऐवजी हस्तलिखित स्वीकारावं. आयोवानं 1922मध्ये घेतलेला निर्णय आपण आज घेतला तरी चालेल. आणि विद्यार्थ्यांना बसून लिहायला एक खोली द्यावी, तिची किल्ली त्यांच्याकडे ठेवावी.